कॅटरिना, २००५ : विद्यापीठातल्या निवाऱ्यात नावं लिहिताना

उल्हासकाठ
२९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

भाचीच्या कॉलेजचं एनएसएसचं पथक पुराच्या भागात कामाला जाणार आहे. परवा तिचा फोन आला, "मावशी, तू अमेरिकेत वादळानंतर काम केलं होतंस ना? मी बरोबर काय काय नेऊ?" मी म्हटलं, एक जाड वही ने आणि पाण्यानं न पुसले जाणारे दोन मार्कर. तिला वाटलं मी सांगायचं टाळतेय. म्हणून तिला सविस्तर पाठवायला बसले, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की आज २९ ऑगस्ट. कॅटरिना चक्रीवादळाला बरोबर वीस वर्षं झाली. मग म्हटलं, इथेच धागा काढावा. लांब झालाय, सांभाळून घ्या.

२००५च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला बॅटन रूजला, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. आमचं घर कल्याणला, वालधुनीच्या बाजूला, तळमजल्यावर. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस इथे कुणी विसरलं नसेल. आमच्या घरात छातीभर पाणी होतं. धान्य गेलं, गाद्या गेल्या, पण आईनं सगळ्यात आधी माझा पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठीचा विद्यापीठाचा कागद) आणि मार्कशीटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली होती. ती वाचली. त्या कागदांना चिखलाचा वास येत होता, तो घेऊनच मी विमानात बसले. बॅटन रूजला पोचून जेमतेम तीन आठवडे झाले आणि कॅटरिना आलं.

रविवारी, २८ तारखेला, ते मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होतं, वारा ताशी २८० किलोमीटर. सोमवारी सकाळी बुरास गावाजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीवर उतरलेलं. न्यू ऑर्लिन्स वाऱ्यापेक्षा पाण्यानं गेलं. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली, वाटीसारखा. सेव्हन्टीन्थ स्ट्रीटचा कालवा, लंडन ॲव्हेन्यूचा कालवा, इंडस्ट्रियल कॅनॉल, या सगळ्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. आम्ही तिथून १३० किलोमीटरवर, मिसिसिपीच्या वरच्या अंगाला. आमच्याकडे झाडं पडली, वीज गेली, एवढंच.

मंगळवारी फोन चार्ज करायला म्हणून मी कॅम्पसवर गेले. वर्ग बंद होते. बघते तर ॲथलेटिक्सच्या स्टेडियमवर हेलिकॉप्टरं उतरताहेत. शेजारीच पीट मॅराविच असेंब्ली सेंटर, म्हणजे बास्केटबॉलचं मोठं गोल सभागृह. त्याचं ८०० खाटांचं रुग्णालय करायला घेतलं होतं. रस्त्यापलीकडे विद्यापीठाचा माईक नावाचा खराखुरा वाघ राहतो, त्याच्या पिंजऱ्यासमोरून रुग्णवाहिकांची रांग. जवळच्या कार्ल मॅडॉक्स फील्ड हाउसमध्ये, जिथे एरवी मुलं आत धावण्याचा सराव करतात, तिथे औषधपाण्यावाचून ज्यांचा दिवस निघत नाही अशांची सोय केली होती : डायलिसिसवाले, ऑक्सिजनवाले, वृद्धाश्रमांतून आणलेले म्हातारे, चाकाच्या खुर्चीतली माणसं. धावपट्ट्यांच्या पांढऱ्या रेघांवर ओळीनं कॉट.

दारात विद्यार्थ्यांची रांग होती. कुणी काही विचारलं नाही. चिकटपट्टीच्या तुकड्यावर माझं नाव लिहून छातीवर लावलं आणि मला आत सोडलं.

आता जे सांगणार आहे ते मी फार थोड्या जणांना सांगितलंय.

पहिल्याच रात्री, एक-दीडच्या सुमारास, मी दाराशी पाण्याच्या बाटल्या देत होते. एक बस उभी होती, चालती-फिरती माणसं पुढच्या निवाऱ्यात नेणारी. साठीचे एक गृहस्थ बसच्या पायरीवरून माझ्याशी बोलायला लागले. न्यू ऑर्लिन्सचं बोलणं माझ्या कानाला अजिबात बसलेलं नव्हतं. एवढं कळलं की बायकोला स्ट्रेचरवरून त्या गोल इमारतीत नेलंय, हे कुठे तरी लिहून ठेवा, मला कुठे नेताहेत ते तिला सांगा. माझ्या हातात बाटल्या. मी म्हटलं, आत टेबलाशी सांगा. ते म्हणाले, उतरलो तर जागा जाईल. मी "थांबा, विचारते" म्हणून आत गेले, कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं, दोन माणसांना विचारून बाहेर आले तोवर बस गेली होती.

मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठाच्या लोगोची, वर्गासाठी घेतलेली वही आणली आणि रकाने आखले. नाव. वय. कुठून आले. बरोबर कोण होतं. त्यांना कुठे नेलं. औषधं कोणती. कुणाला कळवायचं. नंतर रीतसर छापील फॉर्म आले, संगणकावर याद्या झाल्या, पण पहिले दोन दिवस माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या वह्याच होत्या. कागद संपला की पुठ्ठ्यावर लिहायचं. मनगटाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर लिहायचं.

तुम्हाला वाटेल, फोन करून टाकायचा. पण न्यू ऑर्लिन्सच्या ५०४ नं सुरू होणाऱ्या नंबरांवर फोन लागतच नव्हते, माणूस टेक्सासला पोचलेला असला तरी. मेसेज मात्र मधूनच जायचे. साठी-सत्तरीच्या लोकांना तेव्हा मेसेज करायची सवय कुठली? मी त्यांच्या मुलांचे नंबर घेऊन माझ्या नव्या फोनवरून टाइप करायचे : तुमची आई इथे आहे, बरी आहे, कॉट नंबर अमुक. नंबर आठवत नसायचे हे दुसरं दुखणं. नंबर फोनमध्ये, फोन पाण्यात.

बाकी काम आपल्याकडे घरी आजारी माणसाचं करतो तेच. चादर बदलणं, डायपर बदलणं, चमच्यानं भरवणं, संडासापर्यंत धरून नेणं. पाय धुणं मला विशेष आठवतं. दोन-तीन दिवस त्या पाण्यात राहून पाय पांढरे, सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यांत सोललेले. तेल, मैला, काय काय होतं त्या पाण्यात. प्लास्टिकच्या टबात कोमट साबणाचं पाणी घ्यायचं, पाय भिजू द्यायचे, मग चोळायचे नाहीत, नुसते टिपून घ्यायचे, हे मला तिथल्या एका नर्सनं शिकवलं. महिन्याभरापूर्वी वडिलांचे पाय असेच झाले होते. तेव्हा मी ते धुतले नव्हते, आईनं धुतले होते.

ज्या आजींकडे मी सगळ्यात जास्त होते त्या ८१ वर्षांच्या, न्यू ऑर्लिन्समधल्या लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीतल्या. त्यांच्या ब्लाउजला टेपनं कागद चिकटवलेला : नाव, आणि "मधुमेह". बस. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर छपरावर होता, त्याला दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये घेतलं. चष्मा पाण्यात गेलेला. मला त्या "बेबी" म्हणायच्या, तिथे सगळे सगळ्यांनाच म्हणतात हे नंतर कळलं. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "बेबी, आज वार कुठला?" मी सांगायचे. मग त्या म्हणायच्या, "माझा राजमा गं."

न्यू ऑर्लिन्सला सोमवारी घरोघरी राजमा-भात असतो. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, मग शेगडीवर एकीकडे राजमा शिजत ठेवायचा. आजींनी रविवारी रात्री राजमा भिजत घातला होता. वादळ सोमवारी पहाटे आलं. घर गेलं हे त्यांना कळत होतं की नाही मला सांगता येणार नाही, पण भिजलेला राजमा तसाच राहिला हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते भाचीलाही सांगितलं : तिथे गेलीस की आधी नाव विचार आणि लिही. पाणी, बिस्कीट, पांघरूण द्यायला शंभर हात येतात. कुणाचं कोण कुठे गेलं हे लिहायला हात नसतो, आणि ते त्याच घटकेला लिहिलं नाही तर पुढे कितीही पैसा ओतला तरी सापडत नाही. कॅटरिनानंतर हरवल्याची नोंद झालेली मुलं ५,१९२ होती. त्यातलं शेवटचं मूल घरच्यांना भेटलं ते २००६च्या मार्चमध्ये.

तुमच्यापैकी कुणी छावणीत, निवाऱ्यात काम केलं असेल तर लिहा. भाची वाचणार आहे.

---

सिस्टर_मिरज
२९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:२५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. २०१९च्या पुरात आमच्याकडे सांगलीहून रुग्ण हलवले तेव्हा हेच पाहिलं. गादीसकट माणूस येतो, फाइल येत नाही.

एक विचारायचंय. औषधांचं कसं केलंत? मधुमेह एवढाच कागद असेल तर इन्सुलिन किती, कुठलं, हे कोण ठरवणार? आमच्याकडे पेशंट सांगतात, "ती लहान पांढरी, सकाळची." पांढऱ्या गोळ्या तर शंभर असतात.

---

उल्हासकाठ
२९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:५०

सिस्टर, तिथेही अगदी हेच! "पाण्याची गोळी", "प्रेशरची निळी". ठरवायचे डॉक्टरच, आधी साखर तपासून, रक्तदाब बघून, नव्यानंच. आमचं काम होतं बोलतं करण्याचं. गोळी जेवणाआधी की नंतर? घेतल्यावर लघवीला जावं लागायचं का? किती वर्षं घेताय? असं विचारत गेलं की डॉक्टरांना अंदाज यायचा. फार्मसीची मुलं टेबलांवर आलेल्या औषधांच्या खोक्यांतून तारखा बघून निवडत बसायची. अर्धवट वापरलेल्या बाटल्या लोकांनी सढळ हातानं पाठवल्या होत्या, त्यांचा उपयोग शून्य.

माजी सैनिकांचं मात्र सोपं गेलं. त्यांच्या सरकारी रुग्णालयांचे कागद आधीपासून संगणकावर होते, त्यामुळे न्यू ऑर्लिन्सची फाइल दुसऱ्या राज्यातही उघडता येत होती. बाकीच्यांच्या फायली तळमजल्यांवर भिजल्या.

---

सरळप्रश्न
२९ ऑगस्ट २०२५, रात्री ११:१५

लेख चांगला आहे, पण एक कळत नाही. इतका श्रीमंत देश. वादळाचा इशारा दोन दिवस आधी होता. मग माणसं तिथे राहिलीच का? आणि विशीतल्या पोरांना म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला का लागले? यंत्रणा कुठे होती?

---

ट्युलेनकर
३० ऑगस्ट २०२५, सकाळी ७:०५

सरळप्रश्न, यावर मी लिहू शकतो, कारण मी तेव्हा न्यू ऑर्लिन्सलाच होतो, ट्युलेन विद्यापीठात, पहिल्याच वर्षाला.

मी निघालो कारण माझ्या खोलीतल्या मित्राकडे गाडी होती. एवढंच कारण. रविवारी सकाळी महापौरांनी शहर सोडायचा सक्तीचा आदेश काढला. आय-१० महामार्गावर दोन्ही बाजूंच्या लेन बाहेर जाण्यासाठी खुल्या केल्या होत्या, तरी बॅटन रूजला पोचायला आम्हाला दहा तास लागले. एरवी दीड तासाचा रस्ता. शहरातल्या साधारण पाव भाग घरांमध्ये गाडीच नव्हती. महिनाअखेर होती, पगार आणि पेन्शन पहिल्या आठवड्यात येतात, पेट्रोलला आणि हॉटेलला पैसे नसलेली माणसं कुठे जाणार? म्हातारी माणसं म्हणाली, असली वादळं खूप पाहिली. लुईझियानात जे दगावले त्यांतले निम्म्याच्या आसपास पंच्याहत्तरीपुढचे होते. राहिले म्हणून त्यांना दोष देणं मला कधीच पटलं नाही.

मी दोन टी-शर्ट आणि लॅपटॉप घेऊन निघालो होतो, तीन दिवसांत परत येऊ म्हणून. ट्युलेन ते सबंध सत्र बंद राहिलं आणि जानेवारी २००६ मध्ये उघडलं. आम्ही अकरा जण बॅटन रूजच्या देशी मुलांच्या दोन खोल्यांच्या घरात राहिलो. अनोळखी माणसं. कुणी विचारलं नाही तू मराठी का तेलुगू. रोज सकाळी डाळ-भाताचा मोठा कुकर लागायचा.

उल्हासकाठ, कदाचित आपण एकाच कुकरमधलं जेवलो असू.

---

उल्हासकाठ
३० ऑगस्ट २०२५, सकाळी ८:३०

ट्युलेनकर, निकोल्सन ड्राइव्हच्या बाजूची घरं असतील तर नक्कीच. आमच्याकडेही सात जण होते, आणि तांदळाची पोती कोण आणून ठेवायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सरळप्रश्न, यंत्रणा होती. डॉक्टर, नर्स, सैनिक, सगळे होते, आणि त्यांनी जीव तोडून काम केलं. पण एका डॉक्टरमागे माणसं किती! नर्स सलाईन लावणार की पाय धुणार? मुलांच्या हातांची गरज तिथे होती. डायपर बदलण्यात मला कधी काही कमीपणा वाटला नाही. पहिल्यांदा भीती वाटली, त्या माणसाला माझी लाज वाटेल याची. एका आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांना त्यांच्या गल्लीविषयी विचारत राहिले, काम होईपर्यंत. डोळे मिटूनच त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची सगळी घरं सांगितली.

---

भुईकाटा
३० ऑगस्ट २०२५, सकाळी ११:४०

मी सोलापूरचा. १९९३ साली भूकंपानंतर एनएसएसमधूनच किल्लारीला गेलो होतो. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या.

ताईंनी नावाचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. गावातला एकेक माणूस घेऊन घराघरासमोर उभे राहायचो, त्याला विचारायचो इथे कोण कोण राहायचं. तोच सांगू शकायचा, कारण ढिगाऱ्याकडे बघून आम्हाला दरवाजा कुठे होता तेही कळत नव्हतं. तो नावं सांगायचा, मी लिहायचो. मध्येच थांबायचा. कारण त्याच्या स्वतःच्या घराची ओळ यायची.

भाचीला अजून एक सांगा. जुने कपडे घेऊन जाऊ नका. रस्त्याच्या कडेला साड्यांचे, स्वेटरांचे ढीग पावसात भिजत पडलेले मी पाहिलेत. ज्या बायकांच्या घरात कालपर्यंत चार धडकी लुगडी होती, त्यांच्या पुढ्यात फाटके ब्लाउज टाकायचे? एक म्हातारी मला म्हणाली होती, "लेकरा, आमचं घर पडलंय, आम्ही नाही पडलो." नवीन आतले कपडे, सॅनिटरी पॅड, चपला, टॉर्च, बादली. हे न्या.

---

उल्हासकाठ
३० ऑगस्ट २०२५, दुपारी १२:१०

भुईकाटा, त्या म्हातारीचं वाक्य भाचीला आत्ताच पाठवलं.

आतल्या कपड्यांचं अगदी बरोबर. फील्ड हाउसमध्ये शर्टांचे डोंगर होते आणि मोठ्या मापाच्या चड्ड्या नव्हत्या. वाचायचे चष्मेही नव्हते! कुणीतरी औषधांच्या दुकानातून तयार नंबरांचे चष्मे दोन डझन आणले तर ते सोन्यासारखे गेले. आजींना एक बसला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या छातीवरची पट्टी वाचली आणि माझं नाव मोठ्यानं उच्चारून पाहिलं. चार वेळा चुकल्या, पाचव्यांदा बरोबर म्हणाल्या.

---

मनीमाऊची_आई
३० ऑगस्ट २०२५, दुपारी ३:५५

जनावरांचं काय झालं तिथे? मला टीव्हीवर छपरांवर अडकलेले कुत्रे आठवतात. विषय सोडून होत असेल तर माफ करा.

---

उल्हासकाठ
३० ऑगस्ट २०२५, दुपारी ४:३०

अजिबात सोडून नाही. हेलिकॉप्टरमध्ये आणि बसमध्ये जनावर घेऊ देत नव्हते. कित्येक जण त्याचमुळे घर सोडून आले नाहीत. आमच्या विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मोठं आहे, त्या लोकांनी कॅम्पसवरच्या पार्कर कोलिझियममध्ये कुत्र्या-मांजरांचा निवारा चालवला. माझी शेजारीण तिथे जायची. ती सांगायची, तिथेही काम तेच : कुठल्या गल्लीत सापडला, गळ्यात पट्टा कुठल्या रंगाचा, पिंजऱ्यावर लिहायचं. मालक येऊन ओळीनं पिंजरे बघत जायचे. पुढे २००६ मध्ये तिथे कायदाच झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव जनावरांचा विचार करायलाच हवा.

---

वाशिष्ठी
३० ऑगस्ट २०२५, रात्री ८:२०

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१. आमचा पहिला मजला वाचला, दुकान गेलं. मी मदत घेणाऱ्यांच्या बाजूची, तिथून दोन गोष्टी सांगते.

पहिले चार-पाच दिवस एवढी माणसं येतात की रस्त्यावर गाड्या मावत नाहीत. सांगली-कोल्हापूरहून मुलं आली, फावडी घेऊन, गुडघाभर चिखल उपसला. त्यांनी २०१९ भोगलेलं, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण दहाव्या दिवशी कुणी नसतं. आणि खरं तर दहाव्या दिवशी माणूस बसतो. तोवर हातात काम असतं, रडायलाही फुरसत नसते. भाचीच्या पथकाला शक्य असेल तर त्यांनी पुन्हा जावं, महिन्यानं, त्याच घरांत.

दुसरं म्हणजे फोटो. माझ्या सासूबाई किटाचं पाकीट घेतानाचा फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत आला. चाळीस वर्षं दुकान चालवलेली बाई. पाकिटातला साबण त्यांनी वापरला नाही, अजून कपाटात आहे.

---

ट्युलेनकर
३० ऑगस्ट २०२५, रात्री ९:१०

वाशिष्ठीताई, दहाव्या दिवसाचं अगदी पटलं. आमच्याकडे तर चौथ्या आठवड्यात दुसरं वादळ आलं. २४ सप्टेंबरला रीटा, टेक्सास-लुईझियानाच्या सीमेवर. न्यू ऑर्लिन्सचे काही भाग पुन्हा बुडाले. पहिल्या वेळी मदतीला आलेल्यांपैकी किती तरी जण तोवर दमून गेले होते, आणि देशाचं लक्षही तेवढं राहिलं नव्हतं.

आणखी एक, फारसं कुणाला आठवत नाही म्हणून लिहितो. सप्टेंबरमध्ये भारतीय वायुसेनेचं आयएल-७६ विमान २५ टन सामान घेऊन अमेरिकेत, आर्कान्सातल्या लिटल रॉकला उतरलं होतं. घोंगड्या, चादरी, ताडपत्री. २६ जुलैला स्वतः बुडालेल्या देशानं पाठवलेल्या. मी ती बातमी त्या अकरा जणांच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती.

---

सरळप्रश्न
३० ऑगस्ट २०२५, रात्री १०:००

माझा प्रश्न थोडा तोडून विचारल्यासारखा झाला होता. गाडी नसणं आणि महिनाअखेर, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

ताई, त्या बसमधल्या गृहस्थांचं पुढे काही कळलं का?

---

उल्हासकाठ
३० ऑगस्ट २०२५, रात्री ११:२०

नाही कळलं.

मी शोधायचा प्रयत्न केला. त्या रात्री बायकोला स्ट्रेचरवरून आणलं, नवरा बसनं पुढे गेला, अशी जोडपी किती असतील! गोल इमारतीत जाऊन मी साठीच्या आसपासच्या बायकांना विचारत फिरले, तुमचे यजमान बसनं गेले का. दोघी हो म्हणाल्या. दोघींची नावं, नवऱ्यांची नावं वहीत लिहिली, याद्यांत घातली. त्यांतली एक त्यांची असेल असं मी धरून चालले. पण मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, त्यामुळे खात्री कधीच करता येणार नव्हती. बसा आणि विमानं कुठे कुठे गेली, ह्यूस्टनपासून थेट युटापर्यंत. काहींना विमानात बसल्यावर कळायचं कुठे चाललोय.

सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू झाले. मी सकाळी वर्गात आणि संध्याकाळी फील्ड हाउसमध्ये, असं चाललं. वर्गात न्यू ऑर्लिन्सहून आलेली नवी मुलं भिंतीला टेकून उभी राहायची, बाकं पुरत नव्हती.

---

सिस्टर_मिरज
३१ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:१५

आणि आजी? त्यांच्या भावाचं काय झालं? कालपासून तेच डोक्यात आहे.

---

उल्हासकाठ
३१ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:४०

सिस्टर, आजींना सप्टेंबरच्या मध्याला उत्तर लुईझियानातल्या एका वृद्धाश्रमात हलवलं. रुग्णवाहिका यायच्या आधी मी कार्डावर सगळं मार्करनं लिहिलं, तीन प्रती केल्या. एक त्यांच्या फाइलमध्ये, एक त्यांच्या गाउनच्या खिशात सेफ्टी पिननं लावून, एक माझ्या वहीत. कार्डाच्या मागे माझा नंबर. त्यांनी विचारलं, "बेबी, आज वार कुठला?" गुरुवार होता.

नोव्हेंबरमध्ये फोन आला, सॅन ॲन्टोनियोहून. त्यांच्या भावाची मुलगी. भाऊ तिकडे निवाऱ्यात पोचला होता, बरा होता. बहिणीचं नाव त्याला याद्यांत सापडत नव्हतं, कारण कुणी तरी आडनावाचं एक अक्षर चुकवलं होतं. शेवटी वृद्धाश्रमातल्या बाईनं खिशातलं कार्ड बघून उलटीकडून शोध घेतला आणि तिच्यापर्यंत पोचली. माझा नंबर होता म्हणून मलाही कळवलं. दोघं बहीणभाऊ फोनवर बोलले होते. आजी नाताळाच्या आसपास गेल्या, हे भावाच्या त्याच मुलीनं नंतर कळवलं. भावाला त्याआधी भेटायला नेलं होतं.

वही माझ्याकडे आहे. आज काढून बघितली. मागच्या पानावर आजींनी सांगितलेला राजमा आहे. त्या सांगत होत्या आणि मी मराठीत उतरवून घेत होते, कारण इंग्रजीत मला तेवढ्या वेगानं लिहिता येत नव्हतं.

---

वाशिष्ठी
३१ ऑगस्ट २०२५, दुपारी १:००

ताई, तो राजमा इथे द्याल का? उद्या सोमवार आहे.

---

उल्हासकाठ
३१ ऑगस्ट २०२५, दुपारी २:१५

देते. वहीत आहे तसाच उतरवते, आकार-उकार न बदलता.

"रविवारी रात्री राजमा भिजत. सकाळी पाणी बदलायचं. कांदा, भोपळी मिरची, सेलरी, तिन्ही बारीक, तेलावर मऊ करायचं, घाई नाही. लसूण भरपूर. तमालपत्र दोन. थाइम चिमूट. डुकराच्या मांसाचं हाड, नसेल तर नाही. राजमा, पाणी वर चार बोटं. मंद आच. कपडे धुवायला जायचं. परत येऊन ढवळायचं. दोन तास, तीन तास. शेवटी थोडे दाणे पळीनं भांड्याच्या कडेला दाबून फोडायचे, मग रस्सा दाट होतो. मीठ शेवटी. पांढरा भात. भावाला तिखट जास्त लागतं, त्याचं वेगळं काढायचं."

सेलरी मिळाली नाही तर मी कोथिंबिरीच्या काड्या घालते. आत्ता घरी गेल्यावर भिजत घालणार आहे.